थोर मुष्टियोद्धे आणि गाजलेल्या लढती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुष्टियुद्धाचे चाहते ज्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे वाद घालतात, त्यांपैकी नेहमी पुढे येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. तारखा, निकाल आणि गुण ही प्रस्थापित माहिती आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र लेखकाचे आहेत आणि ते मत म्हणूनच वाचावेत. रिंगणात उभा राहून लढत चालवतो तो रेफरी आणि रिंगणाबाहेर बसून गुण देतात ते पंच, हा भेद सर्वत्र पाळला आहे.

आजवरचा सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, याबद्दल चाहत्यांमध्ये काही एकमत आहे का?

बऱ्याच अंशी आहे, आणि ते नाव शुगर रे रॉबिन्सनचे आहे. हेवीवेट या सर्वांत जड वजनगटात मुहम्मद अली श्रेष्ठ की जो लुईस, हा वाद वेगळा. पण वजनाचा फरक बाजूला ठेवून केवळ लढण्याची कला मोजायची म्हटले, तर जाणत्यांच्या याद्या बहुधा रॉबिन्सनपासूनच सुरू होतात. १९४० मध्ये व्यावसायिक झाल्यावर त्याने पहिल्या चाळीस लढती जिंकल्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये डेट्रॉइट येथे जेक लामोटाने त्याला हरवले, तेव्हा लामोटा त्याच्यापेक्षा सुमारे सात किलोंनी जड होता. तीन आठवड्यांच्या आत रॉबिन्सनने त्याच शहरात त्याच लामोटाला हरवले आणि त्यानंतर जुलै १९५१ पर्यंत तो एकही लढत हरला नाही. या काळात त्याने वेल्टरवेट आणि मिडलवेट या दोन्ही गटांची जगज्जेतेपदे मिळवली. पुढे मिडलवेटचे जगज्जेतेपद तो एकूण पाच वेळा जिंकला.

त्याच्या नावावर एकोणीस पराभव आहेत, ही गोष्ट नव्या चाहत्यांना खटकते. त्या एकोणिसांपैकी अठरा पराभव वयाच्या तिशीनंतरचे आहेत आणि तो वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षापर्यंत लढत राहिला, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचा अर्थ बदलतो. ज्यांना आकड्यांपेक्षा चित्रफितीवर विश्वास आहे त्यांनी १ मे १९५७ रोजी शिकागोत झालेली जीन फुलमरविरुद्धची दुसरी लढत पाहावी. चार महिन्यांपूर्वी फुलमरने त्याचे जगज्जेतेपद हिरावून घेतले होते आणि तोवर फुलमरला कोणीही नॉकआउट केलेले नव्हते. पाचव्या फेरीत रॉबिन्सन मागे सरकत असतानाच डाव्या हाताचा एक आखूड हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने दिलेला ठोसा, मारतो आणि तो फुलमरच्या हनुवटीवर बसतो. मागे जाणाऱ्या माणसाच्या ठोशात जोर नसतो, असे प्रत्येक आखाड्यात शिकवले जाते. हा ठोसा त्या शिकवणीला अपवाद आहे, आणि मारणारा त्या वेळी छत्तीस वर्षांचा होत आला होता.

एकही लढत न हरलेला योद्धा हरलेल्यापेक्षा श्रेष्ठ मानू नये का?

आपोआप मानू नये. पराभवांच्या रकान्यातले शून्य पाहताना ते कोणाविरुद्ध आणि कोणत्या काळात टिकवले, हे विचारलेच पाहिजे. रॉकी मार्सियानो ४९ लढतींत ४९ विजय घेऊन निवृत्त झाला आणि त्यांपैकी ४३ नॉकआउट होते. टीकाकार म्हणतात की जो लुईसशी तो लढला तेव्हा लुईस सदतीस वर्षांचा होता, जर्सी जो वॉलकॉट अडतिशीत होता आणि आर्ची मूरचे तर नेमके वय हाच वादाचा विषय होता. हे सारे खरे आहे. तरीही मार्सियानोच्या बाजूने बोलणारी एक लढत आहे : सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. पहिल्याच फेरीत वॉलकॉटने त्याला खाली पाडले, बारा फेऱ्यांनंतर गुणांच्या तिन्ही कागदांवर तो मागे होता आणि तेराव्या फेरीत त्याने उजव्या हाताच्या एका ठोशाने जगज्जेतेपद घेतले. सामना हातातून निसटला असताना त्याने काय केले, हे त्या एका रात्री दिसते आणि ते त्याच्या शून्यापेक्षा अधिक बोलके आहे.

फ्लॉइड मेवेदरच्या ५०-० या विक्रमाबद्दल चाहते दोन तट करून भांडतात. त्याचा बचाव आणि अंतराचा अंदाज अव्वल दर्जाचा होता, हे त्याला न आवडणारेही मान्य करतात. पण पन्नासावा विजय ज्याच्याविरुद्ध मिळाला तो कॉनर मॅकग्रेगर व्यावसायिक मुष्टियुद्धात पहिल्यांदाच उतरला होता. आणि एप्रिल २००२ मधील होझे लुइस कास्तियोविरुद्धची पहिली लढत मेवेदरने जिंकली की हरली, यावर आजही वाद होतो. मॅनी पॅकियाओशी त्याची लढत चाहत्यांनी मागितल्यानंतर कित्येक वर्षांनी, मे २०१५ मध्ये झाली, तोवर दोघांचाही उत्तम काळ सरलेला होता. मेवेदर थोरच आहे. पण त्याला रॉबिन्सनच्या वर ठेवण्यासाठी केवळ शून्य दाखवणे पुरेसे नाही.

मुहम्मद अलीची थोरवी त्याच्या बोलण्यामुळे आणि राजकीय भूमिकेमुळे फुगवली गेली आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी अलीची कारकीर्द दोन भागांत पाहावी. पहिला अली १९६४ ते १९६७ चा. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टन येथे क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्ध तो तिसऱ्या फेरीतच जिंकला, त्या लढतीत त्याचे पाय, हातांचा वेग आणि अचूकता यांना हेवीवेट गटात तोड सापडत नाही. सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे त्याचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले आणि पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे ऐन उमेदीची सुमारे साडेतीन वर्षे, त्याला लढू दिले गेले नाही. परतलेला अली हा दुसराच माणूस होता. पाय मंदावले होते आणि ठोसे आता लागत होते. गंमत अशी की त्याची थोरवी ज्या लढतींवर उभी आहे, त्या जवळजवळ साऱ्या या दुसऱ्या अलीच्या आहेत.

३० ऑक्टोबर १९७४ ची किन्शासा येथील लढत घ्या. जॉर्ज फोरमन तेव्हा ४० लढतींत अपराजित होता. अलीला ज्यांनी हरवले होते त्या जो फ्रेझियरला आणि केन नॉर्टनला त्याने प्रत्येकी दोन फेऱ्यांत संपवले होते. अली दोराला टेकून उभा राहिला आणि फोरमनला दमवले, एवढेच बहुतेकांना आठवते. पहिली फेरी नीट पाहिली तर निराळी गोष्ट दिसते : अली जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, न टाकता थेट उजव्या हाताचे ठोसे मारतो. असा ठोसा लांबून येतो, म्हणून तो मारणे धोक्याचे असते आणि समोरच्याचा त्यात अपमानही असतो; फोरमनला त्याची अजिबात अपेक्षा नव्हती. हा डाव निकाली ठरत नाही हे उमगल्यावर अली दोराकडे गेला. तेथेही तो नुसता मार खात नव्हता. सैल दोरावर कंबरेतून मागे रेलून तो डोके ठोशांच्या पल्ल्याबाहेर ठेवत होता, मानेवर हात टाकून फोरमनला खाली दाबत होता आणि प्रत्येक फेरीच्या अखेरीस उलटे ठोसे देत होता. आठव्या फेरीत फोरमन गिरकी घेत कोसळू लागला तेव्हा अलीने उजवा हात उगारला होता; तो त्याने मारला नाही.

अलीच्या पाच पराभवांपैकी शेवटचे दोन, १९८० मधील लॅरी होम्सविरुद्धचा आणि १९८१ मधील ट्रेव्हर बर्बिकविरुद्धचा, त्याच्या मोजमापात धरू नयेत. ते व्हायलाच नको होते.

फ्रेझियर आणि अली यांच्या तीन लढतींपैकी सर्वोत्तम कोणती?

क्रीडा म्हणून पहिली, आणि चाहत्यांच्या मनावर कोरली गेलेली तिसरी. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघेही अपराजित उतरले होते, फ्रेझियर २६ लढतींत आणि अली ३१ लढतींत. पंधराव्या फेरीत फ्रेझियरच्या डाव्या हूकने अली पाठीवर पडला, लगेच उठला आणि गुणांवर हरला. १ ऑक्टोबर १९७५ ची मनिलाची लढत कौशल्यात त्या पातळीची नाही. दोघेही ओसरलेले होते आणि उकाडा असह्य होता. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझियरला समोरचे दिसेनासे झाले, तेव्हा त्याचा विरोध न जुमानता प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. त्या वेळी गुणांचे तिन्ही कागद अलीला पुढे दाखवत होते. फच यांचा निर्णय चुकला असे म्हणणारे चाहते अजूनही भेटतात. त्यांनी त्या दोघांचे नंतरचे आयुष्य एकदा डोळ्यांसमोर आणावे.

आजवरची सर्वांत थरारक लढत कोणती?

या प्रश्नावर मुख्यतः तीन उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर मार्विन हॅग्लर विरुद्ध थॉमस हर्न्स, १५ एप्रिल १९८५. लढत तिसऱ्या फेरीत संपली. पहिल्या तीन मिनिटांत दोघांनीही बचावाचा विचारच केला नाही, हर्न्सचा उजवा हात त्याच फेरीत मोडला आणि हॅग्लरच्या कपाळावरून रक्त वाहू लागले. तिसऱ्या फेरीत रेफरी रिचर्ड स्टील यांनी जखम दाखवण्यासाठी डॉक्टरांना बोलावले; लढत थांबवली जाईल या भीतीने हॅग्लर पेटला आणि त्याने थोड्याच वेळात हर्न्सला आडवे केले. दुसरे उत्तर मिकी वॉर्ड आणि आर्तुरो गट्टी यांची मे २००२ मधील पहिली लढत, विशेषतः तिची नववी फेरी.

लेखकाचे उत्तर तिसरे आहे : डिएगो कोरालेस विरुद्ध कास्तियो, ७ मे २००५, लास वेगास. नऊ फेऱ्या दोघांनी एकमेकांच्या खांद्याला डोके टेकवून हातभर अंतरावरून ठोसे मारले. दहाव्या फेरीच्या सुरुवातीला डोळा सुजून जवळजवळ मिटलेला कोरालेस डाव्या हूकने पडला. उठला, पुन्हा पडला. दोन्ही वेळा त्याच्या तोंडातील दातरक्षक बाहेर आला आणि दुसऱ्या वेळी रेफरी टोनी वीक्स यांनी त्याचा एक गुण कापला. दातरक्षक धुऊन परत बसवेपर्यंत मिळालेल्या मोलाच्या सेकंदांचा कोरालेसला फायदा झाला, ही कास्तियोच्या चाहत्यांची तक्रार रास्त आहे. पण मिळालेले सेकंद ठोसे मारत नाहीत. कोरालेस पुढे सरसावला, त्याचे ठोसे लागोपाठ बसले आणि मिनिटभरात कास्तियो दोरावर असहाय उभा होता, हात खाली आणि मान कलंडलेली. वीक्स मध्ये पडले. ऑक्टोबरमधील दुसऱ्या लढतीआधी कास्तियो वजनमर्यादा पाळू शकला नाही, तरी लढत झाली आणि त्याने चौथ्या फेरीत कोरालेसला नॉकआउट केले. तिला बदला मानायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. ठरलेल्या वजनापेक्षा जड उतरलेल्या माणसाच्या विजयाला लेखक तरी पूर्ण गुण देत नाही.

१९८७ मध्ये हॅग्लर जिंकला होता की शुगर रे लेनर्ड?

६ एप्रिल १९८७ च्या या लढतीवरून जितकी भांडणे झाली असतील, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या लढतीवरून झाली असतील. एका पंचाने ११५-११३ असे गुण लेनर्डला दिले, दुसऱ्याने तेवढेच हॅग्लरला दिले आणि तिसऱ्याने ११८-११० असे लेनर्डच्या बाजूने लिहिले. तिसरा कागद कोणालाच पटत नाही, लेनर्डच्या चाहत्यांनाही नाही. त्या एका कागदामुळे निकालच चुकीचा होता असा समज पसरला, पण तो कागद बाजूला ठेवला तरी उरलेले दोन कागद एकमेकांच्या विरुद्धच आहेत, म्हणजे लढत खरोखर अटीतटीची होती.

पाच वर्षांत केवळ एकदा लढलेला आणि डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झालेला लेनर्ड दीर्घकाळ जगज्जेता असलेल्या हॅग्लरला भिडत होता. त्याच्या बाजूने आधीच अटी पदरात पाडून घेतल्या होत्या : पंधराऐवजी बारा फेऱ्या, मोठे रिंगण, जड हातमोजे. प्रत्येक फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात तो झटपट, डोळ्यांत भरणारे ठोसे मारत असे, कारण घंटेपूर्वी पाहिलेले पंचांच्या लक्षात राहते. त्याहून महत्त्वाची गोष्ट हॅग्लरच्या बाजूची आहे. एरवी डावखुऱ्या पवित्र्यात लढणारा हा योद्धा पहिल्या फेऱ्यांत उजव्या पवित्र्यात उभा राहून लढला आणि त्या फेऱ्या त्याने अक्षरशः दान केल्या. लेखकाच्या हिशेबी लेनर्ड एका गुणाने पुढे राहतो. हॅग्लर पुन्हा कधीही लढला नाही. तो इटलीला निघून गेला, आणि त्याच्या चाहत्यांचा राग आजही ओसरलेला नाही.

पंचांचे निकाल इतके वादग्रस्त का ठरतात?

काही वेळा पंच चुकतात, पण पुष्कळदा दोष मोजण्याच्या पद्धतीचा असतो. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला बहुधा नऊ गुण मिळतात. कोणी खाली पडला तर आठ. फेरी काठावर जिंकली काय किंवा एकतर्फी जिंकली काय, फरक एकाच गुणाचा. त्यामुळे पाच फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्याला बेजार करणारा योद्धा सात फेऱ्या थोडक्यात हरून लढत गमावू शकतो. प्रेक्षकाच्या मनात मात्र त्या पाच फेऱ्याच राहतात. शिवाय स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, बचाव आणि रिंगणावरील ताबा या निकषांना कोणी किती महत्त्व द्यावे हे ठरलेले नाही. पुढे पुढे जाणारा सारखा हवेत ठोसे मारत असेल तर ते आक्रमण म्हणावे का, यावर दोन जाणते पंचही भिन्न मत देतील.

हे सारे मान्य करूनही काही कागद समर्थनीय ठरत नाहीत. मार्च १९९९ मध्ये लेनॉक्स लुईसने इव्हँडर होलिफिल्डला स्पष्टपणे मागे टाकले होते, तरी लढत बरोबरीत सुटली. ज्या पाचव्या फेरीत लुईसने त्याला दोरावर झोडपले, तीच फेरी एका पंचाने होलिफिल्डला दिली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये कानेलो आल्वारेझ आणि गेनाडी गोलोव्हकिन यांच्या चुरशीच्या लढतीत एका पंचाने कानेलोला ११८-११० असे गुण दिले आणि तीही बरोबरी ठरली.

एक सूचना येथे करावीशी वाटते. वादग्रस्त लढत समालोचनाचा आवाज बंद करून पाहावी आणि प्रत्येक फेरीनंतर कागदावर गुण लिहावेत. समालोचकाचा एखादा आवडता योद्धा असतो, आणि आपले मत म्हणून आपण जे सांगतो ते बऱ्याचदा त्याचेच असते.

चावेझ विरुद्ध टेलर ही लढत दोन सेकंद आधी थांबवणे योग्य होते का?

होय, आणि तरीही टेलरवर अन्याय झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. १७ मार्च १९९० रोजी मेल्ड्रिक टेलर दोन पंचांच्या कागदावर इतका पुढे होता की शेवटची घंटा होईपर्यंत तो टिकला असता तर जिंकलाच असता. बाराव्या फेरीच्या अखेरीस हुलिओ सेझार चावेझच्या उजव्या ठोशाने तो पडला, दोराचा आधार घेत उठला, आणि रेफरी रिचर्ड स्टील यांनी ठीक आहेस का असे विचारले असता त्याने स्पष्ट उत्तर दिले नाही. त्याचे लक्ष आपल्या कोपऱ्याकडे गेले होते. दोन सेकंद उरले असताना स्टील यांनी हात हलवले. रेफरीने घड्याळ पाहू नये, माणूस पाहावा, हेच त्याचे काम आहे. टेलरच्या चेहऱ्याचे हाड मोडलेले होते आणि त्याने पुष्कळ रक्त गिळले होते. ज्या वेगाने तो त्या रात्रीपर्यंत लढत होता तो वेग त्याला पुन्हा सापडला नाही.

पंधराऐवजी बारा फेऱ्या केल्याने खेळाचे नुकसान झाले का?

नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम डुक-कू काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने जगज्जेतेपदाच्या लढती बारा फेऱ्यांवर आणल्या आणि काही वर्षांत इतर संघटनांनीही तेच केले. या निर्णयाच्या विरुद्ध बोलणे सोपे नाही.

मात्र त्यामुळे खेळ बदलला, हे नाकारता येत नाही. १९४१ मध्ये बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर जो लुईसच्या पुढे होता आणि तेराव्या फेरीत नॉकआउट झाला. मार्सियानो आणि वॉलकॉट यांची गोष्ट वर आलीच आहे. १९८१ मध्ये हर्न्स तिन्ही कागदांवर लेनर्डच्या पुढे होता, पण लेनर्डने त्याला चौदाव्या फेरीत संपवले. बारा फेऱ्यांच्या नियमात या तिन्ही लढतींचे निकाल उलटे लागले असते. मग मार्सियानोचे शून्यही राहिले नसते.

‘लाँग काउंट’चा, म्हणजे लांबलेल्या मोजणीचा, वाद नेमका काय आहे?

२२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोत जॅक डेम्प्सीने जीन टनीला सातव्या फेरीत खाली पाडले, पण नियमानुसार दूरच्या मोकळ्या कोपऱ्यात जाण्यास त्याने वेळ लावला, त्यामुळे रेफरीने मोजणी उशिरा सुरू केली. दहा मोजेपर्यंत न उठणारा हरतो; रेफरीने नऊ म्हणताच टनी उठला, तोवर प्रत्यक्षात तेरा-चौदा सेकंद झाले होते. त्याने ती लढत गुणांवर जिंकली. पडलेल्या माणसाने रेफरीची मोजणी ऐकायची असते, प्रेक्षकांच्या घड्याळाची नाही. टोकियोत फेब्रुवारी १९९० मध्ये माइक टायसनने खाली पाडलेल्या बस्टर डग्लसबाबत हीच तक्रार झाली आणि तिचे उत्तरही हेच आहे.

माइक टायसनला थोरांच्या यादीत कोठे ठेवावे?

चाहत्यांना वाटते त्यापेक्षा थोडे खाली. वीस वर्षांचा असताना तो हेवीवेट गटातील सर्वांत तरुण जगज्जेता झाला आणि १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला त्याने ९१ सेकंदांत संपवले. त्या तीन-चार वर्षांतील टायसन कोणत्याही काळातील कोणालाही जड गेला असता. परंतु डग्लस, होलिफिल्ड आणि लेनॉक्स लुईस यांनी त्याला मागे रेटले तेव्हा त्याच्याकडे दुसरा डाव नव्हता. मोठी लढत हातातून जात असताना ती फिरवून जिंकल्याचे उदाहरण त्याच्या कारकिर्दीत नाही.

अर्धवट लढत सोडणाऱ्या रोबेर्तो दुरानला चाहत्यांनी माफ कसे केले?

२५ नोव्हेंबर १९८० रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये आठव्या फेरीत दुरान लेनर्डकडे पाठ फिरवून निघून गेला, तेव्हा पनामात आणि बाहेरही लोकांना ते पटेना. पाचच महिन्यांपूर्वी त्याने लेनर्डला माँट्रिऑलमध्ये हरवले होते. मधल्या काळात मौजमजा करून वाढवलेले वजन त्याने घाईघाईने उतरवले होते आणि रिंगणात लेनर्ड त्याच्याशी लढण्याऐवजी त्याची टवाळी करत होता.

माफी त्याने कमावली. जून १९८३ मध्ये, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, त्याने डेव्ही मूरला हरवून पुन्हा जगज्जेतेपद मिळवले. त्याच वर्षी तो हॅग्लरपुढे पूर्ण पंधरा फेऱ्या टिकला. आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये, सदतीस वर्षांचा असताना, ज्याने आठ महिन्यांपूर्वी हर्न्सला तीन फेऱ्यांत लोळवले होते त्या धिप्पाड आयरन बार्कलीला अकराव्या फेरीत खाली पाडून दुरानने मिडलवेटचा किताब जिंकला. लाइटवेट या बऱ्याच हलक्या गटात नाव कमावलेल्या माणसाने हे करणे अपेक्षित नव्हते. ती चित्रफीत पाहताना त्याच्या हातांकडे पाहू नये. बार्कलीचे ठोसे केसभर अंतराने चुकवणारे त्याचे खांदे आणि डोके पाहावे.

जुने योद्धे आणि आजचे योद्धे यांची तुलना करता येते का?

काही अंशी. हॅरी ग्रेब हा टनीला हरवणारा एकमेव माणूस. त्याने सुमारे तीनशे लढती केल्या, त्यांतील कित्येक एका डोळ्याने, आणि त्याच्या एकाही लढतीची चित्रफीत उरलेली नाही. त्याला थोर मानायचे तर वृत्तपत्रे आणि प्रतिस्पर्ध्यांची नावे यांवरच विसंबावे लागते. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट ही तीन जगज्जेतेपदे एकाच वेळी धारण केली. तेव्हा वजनगट आठ होते आणि प्रत्येक गटाला साधारणपणे एकच जगज्जेता असे. आज गट सतरा आहेत आणि प्रत्येक गटात चार प्रमुख संघटना आपापला किताब देतात. म्हणून पॅकियाओची आठ गटांतील कामगिरी अद्वितीय असली, तरी ती आर्मस्ट्राँगच्या तीन किताबांशेजारी ठेवताना नुसते आकडे मोजून भागत नाही.

सध्याच्या पिढीत थोर म्हणण्याजोगे कोण आहेत?

तीन नावे निःसंकोच घेता येतात. ओलेक्झांडर उसिकने क्रूझरवेट गटातील चारही किताब जिंकले आणि मे २०२४ मध्ये रियाध येथे टायसन फ्युरीला हरवून हेवीवेट गटातही तेच केले. नाओया इनूए बँटमवेट आणि सुपर बँटमवेट या दोन्ही गटांत निर्विवाद जगज्जेता झाला. नोनितो डोनेअरविरुद्ध नोव्हेंबर २०१९ मध्ये डोळ्याभोवतीचे हाड मोडलेले असताना तो बारा फेऱ्या लढून जिंकला, तेव्हा त्याच्याबद्दलची उरलीसुरली शंका मिटली. टेरेन्स क्रॉफर्डने सप्टेंबर २०२५ मध्ये कानेलोला हरवून तिसऱ्या वजनगटात चारही किताब मिळवले.

स्त्रियांच्या लढतींना या चर्चेत स्थान आहे का?

निश्चित आहे. ३० एप्रिल २०२२ रोजी केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुख्य लढत केली आणि तेथे मुख्य लढतीचा मान स्त्रियांना मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. पाचव्या फेरीत सेरानोने टेलरला पार डळमळीत केले. त्या फेरीत तीन मिनिटे असती तर टेलर वाचली नसती, असे अनेकांना वाटते, कारण स्त्रियांच्या फेऱ्या दोन मिनिटांच्या असतात. टेलर सावरली, उत्तरार्धात पुढे गेली आणि पंचांच्या दोन विरुद्ध एक अशा निकालाने जिंकली. पुढच्या दोन लढतीही टेलरनेच जिंकल्या, पण तिन्हींत पहिलीच पाहावी.

नवख्याने कोणत्या लढतींपासून सुरुवात करावी?

हॅग्लर आणि हर्न्सपासून, कारण ती लढत आठेक मिनिटांत संपते आणि समजायला काही लागत नाही. त्यानंतर लेनर्ड आणि हर्न्स यांची १९८१ ची लढत पाहावी. त्यात मारणारा आणि चुकवणारा मध्येच भूमिका बदलतात, म्हणून डावपेच उघड दिसतात. मग किन्शासा, मग कोरालेस आणि कास्तियो. हॅग्लर आणि लेनर्डची लढत मात्र गुण देण्याची थोडी सवय झाल्यावरच घ्यावी, आणि ती पाहताना निकाल आधीच ठाऊक असला तरी कागद-पेन्सिल हाताशी ठेवावी.